निळीच्या रांजणात मावशी : दक्षिण कोरियातले पाच दिवस

दिवस पहिला

आधी बॅगेतलं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या बॅगेमुळेच घडलं. घर सोलापूरचं, २२ वर्षं ब्लाउज शिवतेय, त्यामुळे कुठेही निघाले की चार चिंध्या आपोआप बॅगेत येतातच. यावेळी मात्र ठरवून घेतलेल्या. मागावरून नुकतंच उतरलेलं कोरं सुती कापड दोन मीटर, बाबांच्या जुन्या धोतराचा अर्धा पन्हा, मलबेरी सिल्कचा पांढरा तुकडा, सांगोल्याकडच्या पांढऱ्या घोंगडीची वीतभर पट्टी, आणि एक पांढरी ओढणी. ही ओढणी मला एका दुकानदाराने 'ताई, प्युअर सिल्क आहे, हात लावून बघा' म्हणत गळ्यात मारली होती. हात लावून मलाही तसंच वाटलं होतं हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे हसायला मोकळे. आणि अर्धा किलो शेंगाचटणी, ती तर सांगायलाच नको.

भाचा ग्वांग्जूला पीएचडी करतो. दोन वर्षं मागे लागलाय, मावशी ये, तुला निळीचं काम बघायचंय ना, इथून नाजू ट्रेनने दहा-पंधरा मिनिटांवर आहे, तिकडे अजून रांजणात रंगवतात. मी म्हटलं येते पण नुसतं बघणार नाही, माझं कापड बुडवणार. त्याने कुठून कुठून ओळख काढून नाजूजवळच्या दाशी-म्योनमधल्या एका आजींना विचारलं, त्या हो म्हणाल्या, अट एकच, पहाटे उठावं लागेल.

इंचॉनला उतरले तेव्हा जुलै संपत आलेला, त्यांचा पावसाळा म्हणजे 'चांगमा' नुकताच आटोपलेला आणि हवा अशी की मुंबईचा ऑक्टोबर बरा. भाचेबुवा घ्यायला आलेले. थेट नाजूला जायच्या ऐवजी मी वाटेत हानसानचा हट्ट धरला, तिथलं मोशी कापड बघायचं होतं, म्हणून योंगसान स्टेशनवरून चांगहांग लाइनची गाडी पकडून सोचोन. तीन तासांच्या वर लागले आणि त्यातले अडीच मी झोपले. बाहेर भातशेती होती असं भाचा म्हणतो.

दिवस दुसरा

मोशी म्हणजे रेमी. ताग-अंबाडीसारखं सालीपासून सूत निघणारं झाड, माणसापेक्षा उंच वाढतं. हानसानचं मोशी विणकाम २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि तिथे एक मोठं मोशी भवन आहे, त्याच्या आवारात बायका बसून खरंच काम करत असतात, म्हणजे नुसत्या काचेमागच्या वस्तू नाहीत.

एक आजीबाई सालीची पट्टी दातात धरून चिरत होत्या. मी आधी समजले काहीतरी खातायत! पट्टी पुढच्या दातांत धरायची, जिभेने ओली करायची, टोकाला फट पाडायची आणि हाताने ओढत न्यायची, की एकाचे दोन धागे. मग दोनाचे चार. जितकं बारीक तितकं कापड महाग. त्यांनी मला ओठ मागे ओढून दात दाखवला, त्याला चक्क खाच पडलेली. भाचा म्हणाला कोरियन भाषेत एखाद्या कामात माणूस पुरता मुरला की 'इगोल' पडला असं काहीतरी म्हणतात आणि इकडचे लोक त्याचा संबंध याच दाताच्या खाचेशी लावतात. खरंखोटं भाषावाले जाणोत, दात मी डोळ्यांनी पाहिला.

मग ते धागे गुडघ्यावर ठेवून तळव्याने वळून एकाला एक जोडतात. गाठ नाही. थुंकी लावून पीळ दिला की बसतो. आमच्याकडे मागावर धागा तुटला की बोटं कशी चालतात ते लहानपणापासून बघितलंय, तरी हे बघताना मी पंधरा मिनिटं एका जागी उभी. विणायची खोली जमिनीत थोडी खोल आणि दमट, कारण कोरड्या हवेत मोशीचा ताणा (मागावरचे उभे धागे) कटाकट तुटतो. बाहेर ३३ डिग्री आणि आत दारंखिडक्या बंद, पंखा नाही. सोलापूरच्या कारखान्यात निदान पंखा तरी असतो हो, भले तो गरम हवाच का फेकेना.

बारीकपणा मोजायचं त्यांचं माप आहे 'से'. एका पन्ह्यात ८० ताण्याचे धागे म्हणजे एक से. सात से म्हणजे ५६० धागे, आणि पन्हा किती तर जेमतेम फूटभर. दहा सेच्या वरचं कापड हातात घेतलं तर पलीकडची बोटं दिसतात. मी न रंगवलेला, फिकट पिवळसर असा रुमालाएवढा तुकडा घेतला आणि किंमत भाच्याला रुपयात करू दिली नाही.

दुपारी इक्सानला गाडी बदलून नाजू. चोल्ला हे या प्रांताचं नाव चोंजू आणि नाजू या दोन गावांच्या पहिल्या अक्षरांवरून आलंय, तेही १०१८ साली, म्हणजे गाव जुनं आणि एकेकाळी वजनदार. आता शांत आहे. नासपतीच्या बागा जिकडेतिकडे, आणि प्रत्येक फळाला कागदी पिशवी बांधलेली, आपल्याकडे द्राक्षाच्या घडांना कागद बांधतात तशी. फळ सप्टेंबरात, त्यामुळे नुसतं बघून घेतलं. गावाचा प्रसिद्ध पदार्थ गोमथांग, तो बीफचा, तो मी खात नाही, मग मांस वगळून बिबिंबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, आणि वरून आपली शेंगाचटणी. भाच्याने दोन चमचे जास्तच घेतली. पोराचं वजन उतरलंय.

दिवस तिसरा

पहाटे पाचला शेतावर. आजी आमच्या आधी हजर, डोक्याला कापड, पायात गमबूट, वय सत्तरीच्या पुढे आणि चाल माझ्यापेक्षा जलद. भाचा त्यांना 'सनसेंगनिम' म्हणजे गुरुजी म्हणत होता, पण त्यांनीच हात उडवून सांगितलं की हालमोनी म्हण. म्हणजे आजी. मला त्या 'इंदो आजुम्मा' म्हणायला लागल्या. इंडियावाली काकू. चालेल की.

निळीच्या या झाडाला तिकडे म्हणतात चोक. (उच्चार नीट जमत नाही, च आणि ज च्या मधलं काहीतरी जोरात म्हणायचं.) आपली नीळ वेगळी हां. आपली नीळ शेंगवर्गातली, बारीक बारीक पानांची, ही कुट्टूच्या घराण्यातली, पानं लांबट, देठ लालसर, गुडघ्याच्या वर उंच. दोन झाडांचं काही नातं नाही पण पानात लपलेला रंग अगदी तोच. आजींनी एक पान तोडून माझ्या हातात दिलं आणि नखाने रेघ ओढायला लावली. मी ओढली, हिरवी रेघ, त्यात काय. ते पान शर्टाच्या खिशात टाकून कामाला लागले आणि तासाभराने काढलं तर पान कोमेजलेलं आणि नखाची रेघ निळी! नुसती रेघच, बाकी पान हिरवं. जिथे दुखावलं तिथेच निळं झालं.

कापायचं फुलं यायच्या आधी, आणि पहाटेच, दवासकट, कारण ऊन चढलं की पान मलूल होतं. तासाभरात माझी कंबर गेली. भाऱ्या बांधल्या, ट्रॉलीत टाकल्या, अंगणात आणल्या. अंगणात रांजण, मातीचे, तपकिरी, चकचकीत, किमची-सोयाबीनसाठी वापरतात तसलेच ओंग्गी पण माझ्या छातीपर्यंत येतील एवढे. त्यात पाला गच्च दाबून भरला, वर दगड ठेवले, काठोकाठ पाणी. झालं. दोन दिवस हात लावायचा नाही. मी म्हटलं बस, एवढंच? आजी म्हणाल्या (भाच्यामार्फत), एवढंच, आता पाणी त्याचं काम करेल, आपण जेवू.

पण जेवायच्या आधी एक गंमत. थोडा पाला बाजूला ठेवला होता तो आजींनी चक्क मिक्सरमध्ये टाकला, बर्फाचं पाणी घालून फिरवला, आपण पुदिन्याची चटणी करतो तसा, आणि फडक्यातून गाळून हिरवा रस काढला. बर्फ का, तर पानातला रंग एकदा मोकळा झाला की हवेत भराभर निळा गाळ होऊन बसतो आणि मग कापडाला लागत नाही, थंडीत ती घाई जरा मंदावते. या रसात मी माझ्या पाच तुकड्यांच्या पट्ट्या एकदम टाकल्या.

वीस मिनिटांनी काढलं, धुतलं. मलबेरी सिल्क असं झालं होतं की काय सांगू, पोपटी नाही, आकाशी नाही, त्या दोघांच्या मधलं, पाचूच्या पाण्यासारखं. त्यांच्याकडे या रंगाला ओक्सेक म्हणतात, जेड दगडाचा रंग. घोंगडीची पट्टीही धूसर हिरवट-निळी झालेली. आणि धोतर? जवळपास कोरडं ठणठणीत, जरासा फिकट मळकट हिरवा. कोरं सुती कापड त्याहून वाईट. म्हणजे ताज्या पानाचा रस रेशमाला आणि लोकरीला लगेच चिकटतो आणि सुताला विचारतसुद्धा नाही. प्राण्याचा धागा आणि झाडाचा धागा हा फरक मी शिवणाच्या क्लासमध्ये मुलींना जाळून दाखवते, इथे तो रंगाने दाखवला.

ओढणी मात्र पांढरीच्या पांढरी. आजींनी ती चिमटीत धरली, उजेडाकडे केली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता दोरीवर टाकली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुपारी तिथलं नैसर्गिक रंगाईचं म्युझियम पाहिलं, तेही दाशी-म्योनमध्येच. बरंच काही आहे, मला भिडलं ते एवढंच. योंगसान नदीला पूर्वी सारखे पूर यायचे आणि काठची भातं बुडायची, पण चोकचं पीक मोठ्या वादळांच्या आधी कापून होतं म्हणून लोक नदीकाठाला तेच लावायचे. कापूस-रेशीम आसपास होतंच, समुद्र जवळ म्हणून शिंपल्याही होत्या, आणि शिंपल्यांशिवाय हे काम होत नाही (कुठे लागतात ते पाचव्या दिवशी). १९८१ मध्ये नदीच्या मुखाशी बांध झाला, पूर संपले. पण तोवर नीळही जवळजवळ संपलेली. केमिकल रंग आले, कोरियन युद्ध झालं, तिथलं चोक इतकं नाहीसं झालं की सत्तरच्या दशकाच्या शेवटी लोकांनी बी शोधून पुन्हा सुरुवात केली. २००१ मध्ये सरकारने रंगाईला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला, तेव्हा जे दोन उस्ताद निवडले, यून ब्योंग-उन आणि चोंग ग्वान-चे, ते दोघंही नाजूचेच.

एका काचेत गडद निळ्या कागदावर सोन्याच्या शाईने लिहिलेल्या बौद्ध सूत्रांची प्रतिकृती होती, गोर्यो या जुन्या कोरियन राजवटीच्या काळात असं लिहायचे. कागद इतका गडद की काळा वाटावा. भाचा म्हणाला चंद्रकळा. अगदी बरोबर म्हणाला, काळ्यावर जर.

आपल्याकडची नीळ म्हटली की शाळेतलं चंपारण आठवतं, १९१७, आणि शेतकऱ्यांवरची जबरदस्ती. त्याच्या आधीच १८९७ ला जर्मनीत बीएएसएफ कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली होती आणि झाडाच्या निळीचं दिवाळं वाजायला लागलं होतं. आपल्याकडे निळारी नावाचे लोक होते, पिढ्यान्पिढ्या निळीत कापड रंगवणारे. आता आडनाव उरलंय, हात नाही. आणि घरात काय उरलं, तर पांढऱ्या कपड्यांना घालायची निळीची पुडी, जी मुळात ही नीळ नव्हेच. आई ती पुडी फडक्यात बांधून बादलीत फिरवायची आणि तिची बोटं निळसर व्हायची एवढी आठवण आहे.

दिवस चौथा

आजचा खरा दिवस. रांजण वेगळा, हा शेडमध्ये, अर्धा जमिनीत पुरलेला, वर झाकण, बाजूने गोणपाट. यात गेल्या वर्षीच्या निळीचा लगदा (त्याला 'निराम' म्हणतात, गडद निळ्या श्रीखंडासारखा) राखेच्या पाण्यात कालवून ठेवलेला, दहा-बारा दिवस आंबतोय. राख सोयाबीनच्या काड्यांची. भोकाच्या मडक्यात राख भरून वरून गरम पाणी ओततात आणि खाली जे गळतं ते पाणी, 'चेन्मुल'. आजींनी दोन थेंब माझ्या बोटांवर टाकून चोळायला सांगितलं, साबणासारखं बुळबुळीत. आमची आजी राखेने भांडी घासायची ती याच कारणाने. पीएच बघायचा कागद त्यांच्याकडे होता, नातवाने आणून दिलेला, ११ च्या आसपास निघाला, पण त्या आधी बोटं चोळतात आणि मग कागद बघून 'कागद बरोबर आहे' म्हणतात.

झाकण काढलं आणि वास आला. वास म्हणजे, गोठा अधिक ताक अधिक शिळं मटण. मी मागे सरले तर आजी हसायला लागल्या, म्हणाल्या रात्री होंगो खायला जा म्हणजे हा अत्तर वाटेल. (होंगो हा मासा, आंबवलेला, अमोनियाचा वास येतो, योंगसानपोला त्याची अख्खी गल्ली आहे. रात्री गेलो. एक घास. डोळ्यात पाणी, नाक साफ, आणि आजी खोटं बोलत नव्हत्या. तिथे नदीकाठी १९१५ चं छोटं दीपगृह आहे ते मात्र जरूर बघा, माशानंतर मोकळी हवा लागतेच.)

रांजणाच्या वर जांभळट-निळा फेस जमलेला, त्यावर तांब्यासारखी चमकणारी साय, आणि काठीने फेस बाजूला केला तर खालचं पाणी निळं नाहीच! पिवळट हिरवं, उसाच्या शिळ्या रसासारखं. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून आंबवायचं. त्यातले जंतू निळीचं रूप बदलतात, मग ती हिरवट होते, विरघळते आणि तेव्हाच धाग्याला लागते. जंतूंना खायला आजी अधूनमधून तांदळाचा पाक घालतात. थंडी पडली की ते झोपतात, म्हणून गोणपाट. आजी रांजणाबद्दल बोलताना घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होत्या, काल जेवला नाही, आज बरा आहे.

कापड टाकायच्या आधी सगळे तुकडे ओळीने मांडले आणि आजींनी प्रत्येकावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडला. धोतर, लगेच प्यायलं. मोशी, प्यायलं. आजींनी स्वतःकडचा साम्बेचा तुकडा दिला होता, म्हणजे हेम्प, खरखरीत, गव्हाळ रंगाचा, त्यानेही जरा विचार करून प्यायलं. रेशीम ठीक. आणि माझं कोरं सुती कापड, सोलापूरचं, ज्याचा मला सगळ्यात जास्त तोरा होता, त्यावर थेंब मोत्यासारखा गोल बसून राहिला. हलेना. खळ! २२ वर्षं कापडात काढली आणि कोऱ्या कापडाची खळ काढायची विसरले. घरून निघताना वाटलं नवंकोरं न्यावं, छान दिसेल. आजी म्हणाल्या हे आता नको. मी म्हटलं टाकूया हो, रंग चढेल. भाच्याने भाषांतर केलं आणि अडकला. म्हणाला मावशी, यांच्याकडे रंग चढत नाही. म्हणजे? म्हणाला यांचा शब्द आहे 'मुल्दुरिदा', मुल म्हणजे पाणी आणि कापडावरच्या रंगालाही मुलच म्हणतात, तर अर्थ होतो आत शिरवणं, आत घेणं. तुझं कापड पाणीच आत घेत नाही तर रंग कुठून घेईल.

तरी टाकलं. हट्टी घराणं आहे.

बुडवायची पद्धत: कापड साध्या पाण्यात भिजवून पिळायचं, मग हळू आत सोडायचं, पाण्याखालीच हाताने उलगडत राहायचं, फेस करायचा नाही, बुडबुडे आणायचे नाहीत कारण हवा म्हणजे रंगाची शत्रू, निदान रांजणाच्या आत तरी. तीन-चार मिनिटं. मग पाण्याखालीच पिळून पटकन बाहेर. आणि इथे माझं तोंड उघडंच राहिलं. धोतर बाहेर आलं तेव्हा पिवळट पोपटी होतं. आजींनी झटकून दोन टोकं मला धरायला दिली आणि आमच्या दोघींच्या मध्ये ते निळं व्हायला लागलं, कडेकडून, घडीच्या रेघा आधी, मग मधलं, कुणीतरी आतून दिवा लावावा तसं. दोन मिनिटांत हिरवा गेला. बाबांचं धोतर, सकाळच्या आभाळाचा रंग. पुढे पाच मिनिटं मी काही बोलले नाही, भाच्याने फोटोही काढला नाही, शहाणं पोर.

मग सुरू झाली परीक्षा. एकच रांजण, एकच हात. मोशीने पहिल्याच बुडीत मोकळा निळा घेतला, वर त्याची स्वतःची चमक, तीन बुड्यांत असा रंग की नदीचा डोह. धोतराला तेवढ्यासाठी पाच-सहा बुड्या, पण सुताचा निळा मऊ, चमक नसलेला, मला तोच जास्त आवडला. साम्बे पहिल्या दोन बुड्यांत हिरवट दिसत होता कारण त्याचा मूळचा गव्हाळ रंग खालून डोकावत होता, चौथ्या बुडीनंतर मिटला. रेशमाला आजींनी मिनिटभराच्या वर ठेवू दिलं नाही, राखेचं पाणी रेशीम खातं म्हणाल्या, आणि काढल्यावर धुऊन व्हिनेगरच्या पाण्यातून काढलं. सगळ्यात झगझगीत तेच. घोंगडीला तर त्या बुडवायलाच तयार नव्हत्या, लोकर या पाण्यात कडक होते, पण मी गयावया केल्यावर एकदाच, तीस सेकंद. रंग बघाल तर सगळ्यांत गडद, मोराच्या मानेसारखा, आणि हाताला काथ्या. आजी म्हणाल्या सांगितलं होतं. त्या हे वाक्य दिवसभरात बऱ्याच वेळा म्हणाल्या, भाच्याने नंतर भाषांतर करणंच सोडलं.

कोरं कापड बाहेर आलं ते नकाशासारखं. इथे निळा, इथे पांढरा, मध्ये डाग, एक कोपरा बरा. खळ जिथे कमी तिथे रंग शिरला, बाकी ठिकाणी दारातूनच परत. उरलेला मीटर संध्याकाळी राखेच्या पाण्यात तासभर उकळला, पाणी चहासारखं तपकिरी झालं, धुऊन वाळवला आणि मग थेंब टाकला, गडप.

आणि ओढणी. तीन बुड्या दिल्या. पाण्याखाली धरल्यावर तीन वेळा पांढरी, धुतल्यावर चौथ्यांदा पांढरी. फक्त कडेची शिलाई निळी झालेली, सुती दोऱ्याची असणार. भाच्याने कोपऱ्यातला एक धागा काढून लायटर लावला. केस जळल्याचा वास नाही, राख नाही, काळा कडक मणी. पॉलिएस्टर. हीच परीक्षा मी क्लासमध्ये पोरींना शिकवते, आणि स्वतः दुकानात हात लावून घेऊन आले. आजी इतक्या हसल्या की त्यांना रांजणाचा काठ धरावा लागला.

रात्री हॉटेलवर धोतराचा एक धागा उसवून पीळ सोडून पाहिला, आत पांढरा. नीळ सुताच्या बाहेरच्या थरातच बसते, गाभ्यापर्यंत जात नाही, म्हणून तर जीन्सच्या कडा पांढऱ्या पडतात. म्हणजे आत शिरतं म्हणे पण उंबऱ्याच्या आतच. चढणं आणि शिरणं, दोघांचंही थोडं थोडं खरं. हे भाच्याला सांगायला उठवलं तर म्हणाला मावशी रात्रीचे दोन वाजलेत.

दिवस पाचवा

दुपारची गाडी, पण सकाळी आमचा अंगणातला रांजण उघडायचा होता. दोन दिवसांत पाणी हिरवट-फिरोजी झालेलं, पाला काळपट आणि गिळगिळीत. पाला उपसून पिळून टाकला (हात गेले कामातून, वास तीन दिवस गेला नाही). मग शिंपल्यांचा चुना. शिंपल्या भट्टीत इतक्या भाजतात की पांढऱ्या भुकटीसारख्या फुटतात, आपल्याकडे कोकणात शिंपल्यांचा चुना करायचे तोच प्रकार. तो पाण्यात कालवून ओतला, आणि लांब दांड्याचं, टोकाला फळी लावलेलं घुसळणं हातात दिलं.

काल हवा शत्रू, आज हवाच पाहिजे. जोरात, वर-खाली, पाण्यात हवा कोंबायची. आधी फेस पांढरट हिरवा. पाच मिनिटांनी निळसर. माझे दंड भरून आले तसं भाच्याने घेतलं, मग आजींनी घेतलं आणि आम्ही दोघांनी मिळून केलं नसेल तेवढं त्यांनी एकट्याने केलं, एका तालात, घुसळखांबाला ताक घुसळावं तसं, फेस वर आला, काठाबाहेर फुगला, निळा, मग जांभळा, बुडबुड्याबुडबुड्यावर ती तांब्याची चमक. आजींनी एक वाटी भरून वर उचलली आणि थांबल्या. हिरव्या पाण्यात निळे बारीक कण, गढूळ पाण्यात माती असते तसे, खाली बसायला लागलेले. आता रात्रभर हलवायचं नाही. निवळ वरून ओतून द्यायची की तळाशी राहील तो निराम, पुढच्या वर्षीच्या रांजणासाठी.

माझ्या नखांचे दहाही चंद्र निळे झालेले. लहानपणी ऐकलेला तो निळीत पडलेला कोल्हा आठवला, निदान त्याला राजा तरी केलं.

निघताना मोशीचा तुकडा, धोतर, रेशीम, नकाशावालं कापड सगळं गुंडाळून घेतलं. घोंगडीची पट्टी आजींनी मागून घेतली, गुडघ्याला बांधायला, कडक झाली तरी उबदार आहे म्हणाल्या. शेंगाचटणीचा उरलेला डबा मी त्यांना दिला, त्यांनी बोट बुडवून चाखली, खोकल्या, पुन्हा चाखली. मग दोरीवरची ती पांढरी ओढणी काढली, माझ्याकडे बघून भुवई उडवली, ठेवू का म्हणून. मी म्हटलं ठेवा हो, मला काय करायचीये. त्यांनी ती दुहेरी करून अंगणातल्या रांजणाच्या तोंडावर ताणून सुतळीने बांधली, धूळ आणि डास जाऊ नयेत म्हणून. भाचा हसत म्हणाला, आजी म्हणतायत, चांगलं कापड आहे, रंग लागत नाही, दरवर्षी धुवायची कटकट नाही.